थाळी अजून दिसतेय

११ फेब्रुवारी

ताई,

...आणि हो, ते थाळीचं सांगायचं राहिलंच. मागच्या पत्रात मी नुसतं लिहून मोकळी झाले की बाबांच्या ऑफिसात मला ट्रेनी म्हणून घेतलं, आणि पान संपलं. खरं तर मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहून ते संपवलं. तू तिथेच नोकरीसाठी अर्ज केला होतास ना, म्हणून तुला राग आला असेल का, हे विचारायची हिंमत झाली नाही. आता विचारलं.

तू फोन उचलत नाहीस, मेसेजवर एकच टिक येते. पत्र मात्र परत आलेलं नाही, म्हणजे पोचलं असणार. शुद्धलेखन सांभाळून घे. माझं मराठी कसं ते तुला माहितीये. शाळेत सगळं इंग्लिशमध्ये, आईचं ओरडणं तेवढं मराठीत.

तर थाळी. तू लहानपणी बाबांबरोबर बोटीच्या कडेला बसून हाका दिल्यायस, त्यामुळे मी तुला थाळी समजावणं म्हणजे जरा अतीच. पण मला नव्याने कळलंय आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. ताटाएवढी पांढरी चकती, मधोमध दोरी, खाली वजन. दर पंधरवड्याला बोट त्याच ठरलेल्या जागी न्यायची आणि थाळी पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की बाबा म्हणतात, ‘गेली’. वर ओढताना परत दिसली की, ‘आली’. दोन्हींच्या मधला आकडा लिहायचा. बस, एवढ्यावर समुद्राचा मूड कळतो. पाणी स्वच्छ असेल तर थाळी खोलपर्यंत दिसते. पण वारा फिरला की तळाचं थंड पाणी वर येतं, त्याच्यासोबत तळाचं खत वर येतं, त्यावर डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक वनस्पती वाढतात, पाणी हिरवं होतं आणि थाळी लगेच गायब. म्हणजे थाळी जितकी लवकर जाईल तितकं समुद्रात खायला जास्त. त्यावर छोटे मासे, छोट्यांवर मोठे, मोठ्यांवर आपण.

हा हिरवेपणा मोजायचं एक मशीनही आहे लॅबमध्ये. पण ते चार-पाच वर्षांपासून बंद आहे आणि त्याच्यावर कुणीतरी मनीप्लांट ठेवलाय. लॅब सांभाळणाऱ्या मॅडम म्हणतात, तेवढाच हिरवेपणा. त्यामुळे सगळा भार बाबांच्या थाळीवर.

मला अजून बोटीवर नेत नाहीत. आधी पोहण्याची टेस्ट, ती मार्चमध्ये. तोपर्यंत मी टेबलावर बसून आकडे भरते. दोरीला पाव-पाव मीटरवर गाठी आहेत, त्या बाबा अंगठ्यानेच मोजतात, बघतसुद्धा नाहीत. इतकी वर्षं केलंय ना. मग येऊन मला सांगतात, ‘पावणेतीन’, ‘साडेसहा’, आणि मी गप्प. पावणेतीन म्हणजे तीनच्या अलीकडे की पलीकडे, मला अजून बोटांवर मोजावं लागतं. बोट चालवणारे मोटारकाका दारात उभे राहून हसतात. म्हणतात, साहेबांच्या पोरीला समुद्र समजतो, पाव समजत नाही.

घरी सगळं ठीक. बाबांचे विनोद चालूच. परवा मी चपला काढत होते, तर दाराजवळ खुंटीला लावलेल्या माझ्या रेनकोटला म्हणतात, ‘आलीस? जेवून घे.’ मी मागून म्हटलं, बाबा मी इथंय. तर म्हणतात, ‘मग ही कोण? हिलाही वाढ.’ आई इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले.

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

तुझा भुंगा

४ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही, पण मला इतकं काही सांगायचंय की रुसायला वेळ नाही.

मी काहीतरी शोधून काढलंय. हसू नकोस.

मॅडमनी मला सगळ्या जुन्या वर्षांचा ग्राफ काढायला सांगितला. दोन रेघा. लाल म्हणजे पाण्याचं तापमान, ते मशीन आपोआप नोंदवतं. निळी म्हणजे थाळी किती खोल दिसली ते. बाबा तरुण होते तेव्हापासूनचं सगळं. मी स्क्रीनवर पाहिलं आणि मला आपण दोघी दिसलो. खरंच. दरवर्षी एप्रिल संपता संपता लाल रेघ खाली उतरते, थंड पाणी वर आलं म्हणून. आणि तिच्या मागून थोड्या दिवसांनी निळी उतरते, पाणी हिरवं झालं म्हणून. लाल पुढे, निळी मागे. आपण शाळेत जायचो तशा. तू ताडताड पुढे आणि मी दप्तर ओढत मागे. कुठल्या वर्षी दोघींना उशीर, कुठल्या वर्षी दोघी अर्ध्या रस्त्यातून परत. एका वर्षी तर लाल रेघ इतकी खाली गेली की त्या साली बंदरावर मासे ठेवायला बर्फ पुरला नव्हता म्हणे. दोन वर्षं सारखी अशी नाहीच.

आणि आता ऐक. गेली तीन वर्षं लाल रेघ उतरलेलीच नाही. वारा नीट फिरला नाही, थंड पाणी वर आलं नाही. समुद्र वरवर गरमच राहिला. पण निळी मात्र दरवर्षी ठरल्या वेळी एकटीच खाली उतरलीये. दप्तरवाली एकटीच शाळेत निघालीये, आणि तेही अगदी शहाण्यासारखी, तिन्ही वर्षं जवळजवळ त्याच तारखेला, त्याच आकड्याला.

कळतंय का तुला? थंड पाणी न येताच समुद्र हिरवा होतोय. मग त्या बारीक वनस्पतींना खत कुठून मिळतंय? नदीतून? की तळाशी साठवलेलं? की त्यांना आता इतक्या वर्षांची सवयच लागलीये? मी माझ्या कॉलेजच्या सरांना ईमेल केलं. ते म्हणाले, खरं असेल तर फार मोठी गोष्ट आहे. ‘खरं असेल तर’ हे मी वाचलंच नाही असं समज.

आपल्या बाबांच्या थाळीतून निघालंय हे सगळं. कधीतरी तुझ्यापुढे ग्राफ ठेवून दाखवावंसं वाटतं. तू गेलीस तेव्हा मी होस्टेलला होते. सुट्टीत आले तर तुझं कपाट रिकामं, आणि आई म्हणाली तो विषय नको. मी विचारलंही नाही फार. पण समुद्राचं तरी बोलता येईल ना आपल्याला?

भुंगा

२९ मार्च

ताई,

मॅडमना पटलं. मेअखेर आमचा मोठा रिपोर्ट निघणार आहे, मच्छीमारांच्या सोसायटीकडे आणि वरच्या ऑफिसला जाणारा. त्यात माझं एक पान. ‘पण बोटीवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ आधी,’ एवढंच म्हणाल्या. पोहण्याची टेस्ट पास झाले. नाकात पाणी गेलं, पण पास.

एक गोष्ट मात्र मनाला लागलीये. मला वाटलं होतं बाबा खूश होतील. जेवताना मी सगळं सांगितलं, हातवारे करून, लाल रेघ, निळी रेघ. बाबांचा हात ताटातच थांबला.

‘लाल उतरलीच नाही?’ त्यांनी विचारलं. ‘तीन वर्षं?’

मी म्हटलं, तुम्हीच तर ते मशीन पाण्यात सोडता. तर म्हणाले, ‘ते मशीन आहे. ते काय लिहितं ते मला कुठे सांगतं.’

मग परत विचारलं, नक्की ना. मी म्हटलं नक्की. त्यावर ते न जेवताच उठले, जाताना खुर्चीला अडखळले आणि खुर्चीलाच सॉरी म्हणाले. मी हसले. आई हसली नाही. ती मला म्हणाली, जेवताना ऑफिस नको आणत जाऊस. अगं, पण या घरात बाबा दुसरं बोलतात काय? मला वाटलं होतं पाठीवर एक थाप मिळेल. एवढी अपेक्षा चालते ना मुलीने केलेली?

आणि बंदरावर तर वेगळंच. मी वही-पेन घेऊन गेले, मोठ्या शास्त्रज्ञासारखी. जाळी वाळत पडलीयेत, अर्ध्या बोटी काढून ठेवल्यात. मी मासेवाल्या मावशींना म्हटलं, पाणी तर दरवर्षी हिरवं होतंय, मग मासे का नाहीत? त्या टोपल्या धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘तुमच्या कागदावर मासे आहेत ना? मग तेच तळून खा.’

बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले, पण परत येताना मला ते हसू येईना. बाबा या लोकांना गेली काही वर्षं सांगतायत म्हणे की पाण्यात खायला भरपूर आहे, तुम्हालाच मासे धरता येत नाहीत. त्यावरून भांडणंही झालीत. मी मनात उत्तर जुळवलं, की मासे दुसरीकडे गेले असतील, किंवा या हिरव्या पाण्याची चव त्यांना आवडत नसेल. उत्तर मलाच जरा पोकळ वाटलं, पण पुढच्या पंधरवड्यात स्वतः बघणारच आहे.

भुंगा

१७ एप्रिल

ताई,

आज बोटीवर गेले होते.

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही. सकाळी निघालो, बाबा, मोटारकाका आणि मी. वारा नव्हता. बाबा किनाऱ्यापासून बोटीपर्यंत मोटारकाकांच्या खांद्यावर हात ठेवून चालले. मला वाटलं दोस्ती. बोटीत बसल्यावर मात्र बाबा एकदम मोकळे झाले. तिथे त्यांना सगळं ठाऊक आहे. दोरी कुठे, बादली कुठे, थाळी कुठे, हात बरोबर जाऊन पडतो. मला शिकवत होते. उन्हाकडे पाठ कर, सावलीच्या बाजूने सोड, पाण्याच्या चमकेवर जाऊ नकोस, थाळीवर नजर ठेव.

थाळी सोडली. मी कडेला वाकून बघत होते. तुझीच जागा असणार ती, तिथल्या फळीवर कुणीतरी कधीतरी खिळ्याने मासा कोरलाय. थाळी खाली जात होती, पांढरी शुभ्र, मोरीत धुऊन ठेवलेल्या बशीसारखी स्वच्छ. बाबांचा अंगठा गाठी मोजत होता. एका गाठीवर तो थांबला.

‘गेली,’ बाबा म्हणाले.

ताई, थाळी गेली नव्हती. ती तिथे होती. मला तिच्यावरचा ओरखडासुद्धा दिसत होता.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, मी नवीन आहे. मी बाबांकडे बघितलं. ते पाण्याकडे बघत होते, पण थाळी होती तिथे नाही. थोडं बाजूला. आणि चेहरा इतका शांत होता, जसं कुणीतरी ओळखीचं गाणं ऐकतंय. मग त्यांनी दोरी थोडी ओढली आणि म्हणाले, ‘आली. लिही, पावणेपाच.’ एप्रिलच्या मध्यावर पावणेपाच. ग्राफमध्ये गेल्या तिन्ही वर्षी या आठवड्यात तेच आहे.

मी लिहिलं, पावणेपाच. मोटारकाका मोटारीकडे बघत होते. मोटार बंद होती.

किनाऱ्यावर बाबा पुढे गेल्यावर मी काकांना म्हटलं, तुम्हाला दिसत होती ना थाळी? ते दोरखंड गुंडाळू लागले. मग म्हणाले, ‘मला बोट सरळ ठेवायचा पगार आहे बाळा. थाळी बघायचा नाही.’

माझा शोध गेला. पण ते काहीच नाही. तो रेनकोट, ताई. तो विनोद नव्हता.

१९ एप्रिल

ताई,

आईने सांगितलं सगळं. आता मला कळलं तू का गेलीस. हे तुला मी सांगायची गरज नाही, तू तिथेच होतीस. पण आईने मला काय सांगितलं ते तुला कळायला हवं, कारण तुझ्यासमोर ती असं कधीच बोलली नसणार.

बाबा बाहेर पायरीवर बसले होते. आई भाजी निवडत होती. मी तिला सरळ विचारलं, बाबांना किती दिसतं? तिने विचारलं नाही की मला कसं कळलं. तिने भाजीचं देठ मोडलं आणि म्हणाली, ‘उजेड दिसतो. माणूस हलला तर कळतं. तू हलत असतेस सारखी, म्हणून तू दिसतेस त्यांना.’

मग ती सांगत गेली. ऑफिसच्या दवाखान्यात दरवर्षी डोळे तपासतात, भिंतीवर तोच एक अक्षरांचा तक्ता, बाबा नोकरीला लागले तेव्हापासून लटकलेला. चांगले डोळे होते तेव्हाच तो पाठ झाला होता. नंतर नुसता पाठ उरला. आणि तू एकदा बाबांना न्यायला गेली होतीस, खोलीत दिवा लागायचा होता, आणि बाबांनी अंधारातच शेवटची ओळ म्हणून दाखवली. तू घरी येऊन आईला म्हणालीस, अगं, त्यांनी दिव्याच्या आधी वाचलं. आधी तू हसलीस म्हणे, आणि मग हसताहसता थांबलीस.

तू बाबांना म्हणालीस की डॉक्टरकडे चला. महिनाभर म्हणालीस. मग ऑफिसला लिहिलंस की त्यांना बोटीवरून उतरवा, दुसरं काम द्या, डोळे दाखवायला लावा. ऑफिसने परत त्याच तक्त्यापुढे उभं केलं आणि बाबांनी धडाधड सगळ्या ओळी म्हणून दाखवल्या. त्याच वेळी तुझा तिथल्या जागेसाठी अर्ज होता. मग काय. लोक म्हणाले, पोरीला बापाची जागा हवीये. आणि बाबा घरी येऊन दारातच म्हणाले, ‘डोळे माझे नाही, हिचे फुटलेत.’

आईने मला जे सांगितलं ते तुला माहीत आहे का, मला माहीत नाही. डोळ्यांच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आईच बाबांकडून तो तक्ता म्हणून घ्यायची. एक ओळ चुकली तर परत पहिल्यापासून. याच टेबलाशी. त्या वर्षीही.

मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, तुला माहीत होतं ताई खरं बोलतेय. आणि तू तिला खोटं पडू दिलंस.

आई रडली नाही. ती म्हणाली, ‘दोघांमधलं एकच वाचवता येत होतं मला. तिला डोळे होते. ती कुठेही गेली असती. हे कुठे गेले असते?’

तुला याचं उत्तर देता येतंय का? मला अजूनही आईचा राग येतोय, आणि ती ताटं मांडते तेव्हा चौथं ताट हातात घेऊन परत ठेवते, तेही मी रोज बघते.

मला ग्राफही कळला आता. बाबा खोटं लिहीत नव्हते गं. त्यांना दिसत नव्हतं, पण समुद्र पाठ होता. या आठवड्यात पाणी असं असतं, पुढच्या आठवड्यात तसं. ते आठवून हाक देत होते, आणि त्यांना खरंच वाटत असणार की समुद्र त्यांच्या आठवणीप्रमाणेच चाललाय. निळी रेघ शहाणी का होती, ते हे. खरा समुद्र कधी इतका वेळेवर नसतो.

६ मे

ताई,

हे शेवटचं लांबलचक. यानंतर तू लिहिलंस तरच लिहीन, म्हणजे लिहीनच, पण असं नाही.

काल परत बोटीवर गेलो. मी आठवडाभर मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही धड जमलं नव्हतं. ठरलेल्या जागी बोट थांबली. बाबांनी थाळी हातात घेतली. मी म्हटलं, ‘बाबा, आज हाक मी देते.’

त्यांनी थाळी मांडीवर ठेवली. पाणी बोटीला लागत होतं तेवढाच आवाज. मोटारकाकांनी टोपी काढून परत घातली. मला वाटलं आता बाबा म्हणणार, तूही?

‘दे,’ ते म्हणाले.

त्यांनी दोरी सोडली. मी फळीवर पालथी पडून बघत होते. एका गाठीवर त्यांचा हात आपोआप थांबला. मे महिन्याची गाठ ती, अडीचची.

मी म्हटलं, ‘अजून दिसतेय.’

त्यांनी आणखी एक गाठ सोडली. मग आणखी एक.

‘अजून दिसतेय, बाबा.’

प्रत्येक गाठीला ते थांबायचे, आणि मी प्रत्येक गाठीला तेच म्हणायचे. शेवटी शेवटी ते थांबेनात, मलाच हळू म्हणावं लागलं. थाळी बारीक होत होत बटणाएवढी झाली आणि मग विरली. मी म्हटलं, गेली. त्यांनी अंगठ्याने गाठ चाचपली, परत चाचपली.

‘सव्वासहा,’ ते म्हणाले. ‘मे महिन्यात सव्वासहा?’

मी म्हटलं, हो.

‘गेल्या वर्षी?’

मी सांगितलं की लाल रेघ गेल्या वर्षीही अशीच होती. त्याच्या आधीच्या वर्षाचं त्यांनी विचारलंच नाही. दोरी हातात धरून बसले. थाळी खाली तशीच लटकत होती. मग म्हणाले, ‘पाणी कसं दिसतंय?’

मी म्हटलं, ‘निळं. एकदम स्वच्छ. पोस्टरवर असतं तसं.’

‘छान दिसत असेल,’ बाबा म्हणाले. ‘उपाशी पाणी आहे ते.’

नंतर जे बोलले ते फार हळू, मला नाही, पाण्याकडेच तोंड करून. बंदरावरच्या लोकांना ते काय काय म्हणाले होते, ते एकेक आठवत होते. आळशी म्हणालो. तुमच्या जाळ्यात खोट आहे म्हणालो. मोटारकाका म्हणाले, जाऊ दे साहेब. बाबा म्हणाले, जाऊ कसं देऊ, तीन वर्षं समुद्र उपाशी होता आणि मी लिहीत होतो की पोटभर जेवला. डोळ्यांबद्दल एक शब्द नाही बोलले, ताई. समुद्राबद्दलच वाईट वाटत होतं त्यांना, जसं घरात कुणी आजारी होतं आणि यांना कळलंच नाही.

किनाऱ्यावर उतरल्यावर ते स्वतः मॅडमकडे गेले. भिंतीला हात लावत. इतके दिवस तो हात ते लपवत होते, काल नाही लपवला. मी बाहेर थांबले. मॅडमनी नंतर मला आत बोलावलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला होता आणि त्या नुसत्या टेबलाकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘तुझ्या बहिणीचं पत्र माझ्याच हातात आलं होतं. मी त्या तक्त्यावर विश्वास ठेवला.’

आज सकाळी डॉक्टरकडे जाऊन आलो. डोळ्यांची नस वाळलीये. गेलेलं परत येत नाही. तेव्हाच दाखवलं असतं तर राहिलेलं टिकलं असतं. डॉक्टर हे अगदी सहज म्हणाले, त्यांना काय माहीत. बाबांनी मान हलवली. रिक्षात माझा हात धरून बसले होते, आणि मधेच विचारलं, ‘तिला लिहितेस ना तू?’

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. तर म्हणाले, तू लिहितेस तेव्हा पेनाचा आवाज येतो, आणि मधे मधे नाक ओढल्याचा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. ही तीन वर्षं आणि यंदाचे आकडे ग्राफमधून काढावे लागणार, त्यात वाद नाही. तिथे निळी रेघ तुटलेली राहील. माझं पानही गेलं, ते जाऊ दे. पण रिपोर्टमध्ये त्या तुटलेल्या जागेखाली एक ओळ लिहायची असते. मॅडमनी ती माझ्यावर सोपवलीये. एक तर लिहायचं ‘रीडिंग उपलब्ध नाही’. मग कुणी काही विचारणार नाही. मशीन बंद होतं, माणूस नव्हता, लोक काहीही समजतील. बाबा वर्षअखेरीला रिटायर होतील, हार घालतील, फोटो काढतील. किंवा खरं लिहायचं. की निरीक्षकाची दृष्टी गेली होती, तशी लेखी सूचना ऑफिसला त्याच वर्षी मिळाली होती, आणि ती मानली गेली नाही. हा रिपोर्ट कायमचा राहतो. पुढे कुणीही उघडला तर बाबांची इतक्या वर्षांची बाकीची थाळी कुणाला दिसणार नाही, हीच ओळ दिसेल. पण ती नाही लिहिली तर त्या ऑफिसात तू बापाची जागा हिसकावायला निघालेली मुलगीच राहशील. बंदरावरच्या लोकांना एवढं कळेल की समुद्र हिरवा नव्हता. त्यांना आधीच कुणीतरी सावध करू पाहत होतं, हे कधीच कळणार नाही.

मी बाबांना विचारलं. घरी आल्यावर, पायरीवर बसले होते तेव्हा. मला वाटलं ते म्हणतील, खरं लिही. किंवा म्हणतील, माझी एवढी लाज ठेव. दोन्हीपैकी काहीही म्हणाले असते तरी मी तसंच केलं असतं.

त्यांनी चपलेने पायरीवरची वाळू सरकवली. म्हणाले, ‘हे मी ठरवायचं नाही. जिला खोटं पाडलं तिला विचार.’

मग म्हणाले, बोटीच्या कडेला तिने खिळ्याने मासा कोरला होता, तो अजून आहे का? मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, मी दरवेळी हात लावून बघायचो, पण हाताने तो मासा वाटत नाही.

आई आत काहीतरी आपटत होती. तिने सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी मी लिहायला बसले तेव्हा न विचारता माझ्यासमोर पाकीट आणि तिकीट आणून ठेवलं. तिकीट जरा जास्तीचंच आहे, म्हणजे लवकर पोचावं.

मला एक सांगायचंय. तू बाबांवर दया करून उत्तर देऊ नकोस, आणि रागानेही नको. हे म्हणणं सोपं आहे, मला कळतं. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं हे मी खूप वेळ विचार करून बघितलं. सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं.

रिपोर्ट मेअखेर जातोय. ती ओळ अजून कोरी आहे. तुझं नाव ज्यात खरं ठरतं त्याच ओळीत बाबांचं नाव बुडतं, आणि तिसरी ओळ मला सुचत नाहीये. तू सांग ताई, तुला काय वाटतं, तिथे काय लिहू?

तुझा भुंगा